प्रकरण चौदावे : घोट

घरातले सगळे मोठे निर्णय चवखोलीत व्हायचे, कारण तिथे कुणालाही आवाज चढवायची परवानगी नव्हती. चहाची चव घेताना गोंगाट नको, हा बाबांचा नियम. भांडायचं तर हळू भांडा, आणि हळू आवाजात माणूस फार वेळ भांडू शकत नाही, असं ते म्हणत. दादाचं लग्न इथेच ठरलं. बाबांच्या धाकट्या भावाने सेमिनरीत जाणार असल्याची बातमी इथेच फोडली आणि घराला फादरकाका मिळाले. आईला शेवटचे महिने घरीच ठेवायचं, कसलं यंत्र नाही की कसली नळी नाही, हेही बाबांनी इथेच, चव घेता घेता, सांगून टाकलं होतं. दादा त्या वेळी जो रुसला, तो आईच्या दफनापर्यंत बापाशी धड बोलला नव्हता.

आज पहिल्यांदाच बाबांच्या उंच स्टुलावर कुणी नव्हतं. तिथे बसायला मुंगीही धजावली नाही. ती उभ्यानेच काम करत होती. चहाच्या नव्या मालाचे नमुने कालपासून पडून होते आणि खरेदीदाराला उद्या उत्तर हवं होतं. लांब टेबलावर पांढऱ्या भांड्यांची रांग, प्रत्येकासमोर बिनकानाचा पांढरा कप, आणि शेजारी चाकांवर फिरणारी कमरेएवढी उंच पिकदाणी. मुंगी खोलगट चमचा कपात बुडवायची, फुर्रकन ओढायची, घोट जिभेवरून टाळूकडे फिरवायची, पिकदाणीत टाकायची आणि पुढच्या कपाकडे सरकायची. चहा चाखून पारखायचं हे काम तिला बाबांनी शिकवलं होतं. शाळेत जायच्या वयात तिचा हात टेबलापर्यंत पोचत नसे. खोक्यावर चढून चमचा बुडवणाऱ्या त्या एवढ्याशा पोरीला बाबांनी मुंगी म्हटलं, आणि आता पस्तिशी उलटली तरी ती मुंगीच राहिली.

"हे बघ मुंगी," दादा म्हणाला. तो पुलांचा इंजिनिअर. बोलतानाही हात टेबलावर असे ठेवायचा, जणू टेबल पेलून धरलंय. "पोटात नळी बसवायची. यात चर्चा कसली? माणसाला जेवायला घालायचं की नाही यावर कुणी मतं मागवतं का?"

सकाळी बाबांनी नाकातली नळी पुन्हा उपटून काढली होती. झटका आल्यापासून त्यांची उजवी बाजू लुळी होती आणि वाचा गेली होती. पण डावा हात शाबूत, आणि तो हात जागा झाला की पहिला नाकाकडेच जायचा. हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाईंनी आता स्पष्ट सांगितलं होतं. नाकातून पुन्हा पुन्हा नळी घालण्यात अर्थ नाही. एकतर पोटाला छोटं छिद्र पाडून कायमची नळी बसवू, नाहीतर नळीशिवाय जितके दिवस जातील तितके त्यांना त्रास न होता जाऊ देऊ. संध्याकाळपर्यंत काय ते कळवा.

"जेवण?" मुंगीने कप पुढे सरकवला. "पिशवीतून पांढरं पाणी थेंब थेंब उतरतं. ना चव, ना वास. ज्या माणसाने जन्मभर जिभेवर घर चालवलं, त्याला हे जेवण?"

"चर्च म्हणतं ते जेवण आहे. मी नाही म्हणत. नळीतून गेलं तरी अन्न ते अन्न आणि पाणी ते पाणी. ते तोडलं तर आजारपणाने गेले असं नाही म्हणता येणार. आपण उपाशी मारलं असं होईल."

"चर्च समोरच बसलंय," वहिनीने खिडकीतल्या खुर्चीकडे हनुवटी उडवली, "आणि सगळी बिस्किटं फस्त करतंय. त्यालाच विचारा की."

फादरकाकांनी झग्यावरचा चुरा झटकला. रविवारची मिस्सा आटोपून ते तसेच आले होते. "चर्चला डायबिटीस आहे, सूनबाई. मोजत जाऊ नकोस, त्याने वाढतो."

"काका, सांगा ना हिला," दादा म्हणाला.

"सांगतो. पण दोघांनाही सांगेन, मग मला मध्ये घेतलं म्हणून ओरडू नका." काका खुर्चीत पुढे सरले. "दादा म्हणतो ते बरोबर आहे. खाऊ-पिऊ घालणं हा औषधोपचार नाही, ती साधी माणुसकी आहे, मग ते चमच्याने असो की नळीने. माणूस उठणार नाही, बोलणार नाही, आपल्याला ओळखणार नाही, म्हणून त्याचं अन्न बंद करता येत नाही. याच्या जगण्यात आता काय उरलंय, असा हिशेब चर्च कुणालाच करू देत नाही. सख्ख्या पोरांनाही नाही."

"झालं तर मग," दादा म्हणाला.

"थांब रे, तुझी नेहमीची घाई. त्या वाक्याला पुढे शेपूट आहे. अन्न द्यायचं, पण जोवर ते अन्नाचं काम करतंय तोवर. शरीराने ते घेणंच सोडलं, किंवा ते देण्यानेच माणसाचे हाल व्हायला लागले, किंवा मरण उंबऱ्यावर येऊन बसलं, तर थांबवणं म्हणजे मारणं नव्हे. तेव्हा रोगाला त्याच्या वाटेने जाऊ द्यायचं आणि आपण उशाशी बसायचं. तुमच्या आईच्या वेळी तेच झालं. तिचं पोटच काही घेत नव्हतं. तुझ्या बाबाने तिला उपाशी ठेवली नाही. ओठ ओले करत तो रात्र रात्र बसला होता."

दादाने मान वळवली. हे त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं, पण आज नको होतं.

"म्हणजे बघ," काका म्हणाले, "नळीचं ओझं मोजायची मुभा आहे. माणसाचं ओझं मोजायची नाही."

"मग नळीचंच मोजू," मुंगी म्हणाली. तिचा आवाज कापत होता, म्हणून तिने तो आणखी हळू केला. "मी त्यांचं जगणं कशाला मोजू? ते माझे बाबा आहेत. पण ते स्वतः सांगताहेत ना, नको म्हणून. नळी उपटतात. बरं, नळी राहू दे. गिळायला शिकवणारी ती थेरपिस्ट रोज चमच्याने देऊन बघते, तर तोंडात घेतात आणि बाहेर टाकतात. मी दिलं, तरी टाकलं. माझ्या हातचं, दादा! माझ्याकडे बघत बघत टाकलं. वाचा गेलेल्या माणसाने आणखी कसं सांगायचं? पाटी लिहून?"

फादरकाकांनी चष्मा काढून पुसला आणि तसाच हातात ठेवला.

"हे मला माहीत नव्हतं," ते म्हणाले. "त्याचं त्याला कळत असेल आणि त्याला ते खरंच असह्य होत असेल, तर त्याचा शब्द मोठा आहे. ओझं किती जड, हे शेवटी ज्याच्या पाठीवर आहे त्यालाच कळतं."

"काका!" दादा म्हणाला.

"मी ठरवलं असं नाही म्हणालो. ऐकतोय म्हणालो."

"वहिनी, तू तरी बोल," मुंगी म्हणाली.

वहिनीची ड्रायव्हिंगची शाळा होती. अर्ध्या गावाला तिने गिअर बदलायला शिकवलं होतं आणि उरलेल्या अर्ध्याला शिव्या घातल्या होत्या. एरवी तिला बोलायला कुणाचं आमंत्रण लागत नसे. आज ती डब्याच्या झाकणाशी चाळा करत बसली होती. "मला त्यांची ती हातमोज्याची पिशवी बघवत नाही," ती अखेर म्हणाली. "नळी काढू नये म्हणून हात बांधून ठेवतात. चोरासारखं. अहो इंजिनिअर, रागावू नका, पण त्या बाबतीत मी मुंगीच्या बाजूने आहे."

तिघं एकीकडे आणि दादा एकीकडे. मुंगीला वाटलं होतं, असं झालं की हायसं वाटेल. तसं काही झालं नाही. दादाचे टेबलावरचे हात निघाले आणि कुठे ठेवावेत हे त्याला समजेना.

"रोज सकाळी मी त्यांची दाढी करतो," तो म्हणाला. "नर्स करते म्हणाली तरी मीच करतो. तुला ठाऊक नाही, तू दुपारी जातेस. साबण लावला की ते डावा गाल फुगवून देतात. वस्तरा गळ्यापाशी आला की हनुवटी वर करतात. सांगावं लागत नाही. काल उजवीकडचा गाल फुगेना, तर जीभ आतून लावून फुगवला." तो थांबला. "ज्याला जगायचं नाही, तो माणूस असा गाल फुगवून देतो का गं?"

चव घेताना दोन चमचे दोन वेगळ्या गोष्टी सांगू लागले, तर बाबा म्हणायचे, जीभ खोटं बोलत नाही आणि चहाही नाही, मग तिसरं काहीतरी आपण बघितलेलं नाही. एकच माणूस सकाळी दाढीला गाल देतो आणि दुपारी घास थुंकतो. दोन्ही खरं. मग न बघितलेलं काय?

"सकाळपासून पोटात काही नाही हिच्या," वहिनी कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाली. तिने घरून आणलेला सुपाचा डबा उघडला आणि चमचा भरून मुंगीच्या तोंडापाशी धरला. "आ कर. भांडायला तरी अंगात ताकद पाहिजे."

मुंगीने तोंड उघडलं. तिचं लक्ष दादाकडे होतं. "दादा, गाल देणं ही सवय असू शकते. रोजच्या दाढीची. तेवढ्यावरून त्यांना काय हवंय ते..."

"अगं ए बया!" वहिनी ओरडली. चवखोलीचा नियम तिने एका फटक्यात मोडला. "माझं सूप थुंकलीस?"

"मी? कधी?"

"कधी काय कधी! आत्ता! तोंडात फिरवलंस आणि ओतलंस त्या पिंपात!"

मुंगीने पिकदाणीत बघितलं. तपकिरी चहावर गाजराचा एक तुकडा तरंगत होता. तिला काही आठवत नव्हतं. चमचा तोंडात आल्याचं आठवत होतं, दादाचा चेहरा आठवत होता, मधलं काहीच नाही.

"बापावर गेलीय नुसती," वहिनीच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "माझं लग्न झालं त्या वर्षीची गोष्ट. मी नवी नवरी, हौसेने सूप केलं, सासऱ्यांना सुपाची प्लेट दिली, चमचा दिला. पहिला चमचा तोंडात घातला आणि उठून गेले बेसिनकडे. मी आतल्या खोलीत जाऊन हे एवढं रडले. तर तुमच्या आई आल्या आणि म्हणाल्या, अगं रडतेस काय वेडे, ह्यांना चमच्याने काही..."

ती थांबली. तिचा हात डब्यावर तसाच राहिला.

"काय म्हणाली आई?" मुंगीने विचारलं.

"ह्यांना चमच्याने काही पातळ देऊ नकोस," वहिनी सावकाश म्हणाली, "चव घेतील आणि थुंकतील. कपात ओतून दे."

"बाबा सूप कपातूनच पितात," दादा म्हणाला. "नेहमीच. मला वाटायचं, आवडतं तसं."

"खोकल्याचं औषधसुद्धा," फादरकाका म्हणाले. "बाटलीच्या झाकणातून घ्यायचा. लहानपणी नाही हां, या धंद्याला लागल्यावर."

मुंगी पिकदाणीचा कठडा धरून उभी होती. ओठांचा एक कोपरा उतरल्यामुळे बाबांना घोट ओढता येत नव्हता, फुर्रकन होत नव्हतं. तो आवाज असता तर तिने झोपेतही ओळखला असता. आवाज नव्हता, म्हणून उरलेलं तिला ओळखू आलं नाही. तोंडात घेणं, एका गालातून दुसऱ्या गालात नेणं, क्षणभर थांबणं, टाकणं. आणि ते तिच्याकडे बघत होते! बघणारच. शेजारी उभ्या राहिलेल्या शिकाऊ मुलीकडे चव घेऊन झाल्यावर ते नेहमीच बघायचे, तुला काय लागलं म्हणून.

बापाच्या हाडात मुरलेली सवय, आणि ती त्यांची शेवटची इच्छा समजून ती इथे वकिली करत होती. नशीब, संध्याकाळ अजून व्हायची होती.

"कदाचित असं नसेलही," ती म्हणाली. "कदाचित त्यांना खरंच गिळता येत नसेल. पण आपण त्यांना एकदाही कपाने दिलेलं नाही."

"गाडी काढते," वहिनी म्हणाली.

*

वहिनीची गाडी शिकवणीची होती. शेजारच्या सीटखालीही ब्रेक होता, आणि त्या सीटवर दादा बसला ही चूक झाली. प्रत्येक वळणावर गाडी आचका खाऊन थांबायची.

"पाय काढा तो!"

"समोरून ट्रक येतोय."

"तो उभाय! त्याचा ड्रायव्हर उतरून पेपर वाचतोय! फादरकाका, यांच्यासाठी चर्चमध्ये काही प्रार्थना आहे का, पाय जागेवर राहण्याची?"

"आहे, पण ती मी आत्ता स्वतःसाठी म्हणतोय," मागच्या सीटवरून काका म्हणाले. मुंगीचा हात त्यांनी घट्ट धरला होता.

"काका," ती हळूच म्हणाली, "मी जवळजवळ..."

"जवळजवळ काही नाही. तू त्याचं ऐकायला गेलीस. भाषा चुकली एवढंच. जी माणसं ऐकायलाच जात नाहीत, त्यांची मला जास्त काळजी वाटते."

हॉस्पिटलमध्ये थेरपिस्ट होती, कारण तिला रविवारीही दोन वॉर्ड सांभाळावे लागत. बारीक अंगाची, केस घट्ट बांधलेली, कामाशी काम ठेवणारी. मुंगीने चवखोलीची सगळी हकिकत सांगितली, अगदी गाजराच्या तुकड्यासकट. थेरपिस्टने मध्ये एकदाही टोकलं नाही.

"कपाने देण्यात चमच्यापेक्षा धोका जास्त असतो," शेवटी ती म्हणाली. "घोट मोठा जातो. श्वासनळीत उतरला तर छातीत संसर्ग होईल. म्हणून आपण चमच्याने सुरुवात करतो. सगळीकडेच."

"हो. पण त्यांच्या बाबतीत चमचा म्हणजे..."

"समजलं मला." ती विचार करत होती. "मेंदूला मार बसला की नवं शिकलेलं आधी जातं आणि मुरलेलं उरतं. तुम्ही सांगता ते अशक्य नाही. मी त्यांच्या कागदावर लिहिलंय, तोंडात घेतात पण गिळण्याचा प्रयत्न करत नाहीत. मला ते जरा विचित्र वाटलं होतं, कारण जीभ चांगली फिरत होती. चला. मी करेन, तुम्ही फक्त उभ्या राहा. आणि मी थांबा म्हटलं की थांबायचं."

बाबा खिडकीकडे तोंड करून पडले होते. नाक मोकळं होतं; गालावर चिकटपट्टीची लाल खूण. दोघींनी मिळून त्यांना ताठ बसवलं, पाठीला उशा लावल्या. थेरपिस्टने पाण्यात पावडर कालवून ते मधासारखं दाट केलं. आधी तिने चमचा दिला. दाट पाणी तोंडात गेलं. आता माहीत असल्यामुळे मुंगीला सगळं दिसलं. गाल आतून किंचित हलला, दुसरीकडे गेला, डोळे अर्धे मिटले, आणि ओठ उघडून सगळं टॉवेलवर आलं. मग बाबांनी मुंगीकडे पाहिलं.

"बेचव आहे हो बाबा," मुंगी म्हणाली. "मलाही तेच लागलं असतं."

कॉटच्या पायथ्याशी वहिनी तोंडावर हात धरून उभी होती. हसत होती की रडत होती, सांगता येत नव्हतं.

थेरपिस्टने तेच पाणी एका छोट्या कपात ओतलं, अगदी तळाशी राहील एवढंच. बाबांची हनुवटी खाली वळवली, दोन बोटं त्यांच्या गळ्याच्या उंचवट्यावर हलकी ठेवली आणि कप त्यांच्या डाव्या हातात देऊन खालून आपल्या हाताने आधार दिला. कप ओठाला लागला, कलला.

बाबांच्या तोंडात पाणी होतं आणि काहीच होत नव्हतं. दादाने डोळे मिटले. मुंगी गळ्याकडे बघत राहिली. ते हाड जागेवर होतं. जागेवरच होतं. मग ते वर उचललं गेलं, थेरपिस्टची दोन्ही बोटं सोबत घेऊन, आणि खाली आलं.

"गिळलं," थेरपिस्ट म्हणाली. तिने स्टेथोस्कोप गळ्याला लावला, ऐकलं, बाबांना 'आ' म्हणायला लावलं. घोगरा, ओबडधोबड, पण कोरडा असा 'आ' निघाला. झटका आल्यापासून बाबांच्या तोंडून आलेला तो पहिला आवाज होता.

दुसऱ्या घोटाला ठसका लागला. थेरपिस्टने कप लगेच काढून घेतला. "आज इतकंच. एका घोटावर मी काहीही लिहून देणार नाही, सांगून ठेवते. उद्या एक्स-रेखाली बघू, पाणी नेमकं कुठे जातंय ते." मग तिचा चेहरा पहिल्यांदाच थोडा सैलावला. "पण घोट चांगला होता."

*

डॉक्टरीणबाई येईपर्यंत कॉटभोवती पुन्हा सभा भरली. आता सगळ्यांना वाटत होतं प्रश्न सुटला, आणि थेरपिस्टने जाता जाता सांगितलं होतं की सुटलेला नाही. गिळणं सुधारलं तरी तोंडाने पोट भरायला आठवडे लागतील, कदाचित महिने. कदाचित तेवढं सुधारणारही नाही. मधल्या काळात शरीराला लागणारं कुठून तरी द्यावंच लागेल.

"म्हणजे नळी," वहिनी म्हणाली.

"म्हणजे नळी," मुंगी म्हणाली. दुपारी ज्या शब्दाला तिने दार लावलं होतं, तो आता तिच्याच तोंडून निघाला. "पोटात बसवली तर नाकाला त्रास नाही. हात बांधावे लागणार नाहीत. मला वाटतं, बसवावी."

सगळ्यांनी दादाकडे बघितलं. आता त्याने 'मी म्हणत नव्हतो का' म्हटलं असतं, तर ते त्याला शोभलंही असतं. तो बाबांकडे बघत होता.

"त्यांना कुणी विचारलंय का?" तो म्हणाला. "तू त्यांच्या वतीने नको म्हणालीस. मी त्यांच्या वतीने हवी म्हणालो. माणूस इथे बसलाय."

"त्यांना कळतं की नाही तेच तर..."

"तपासून बघ की. तुला येतं ते."

मुंगी कॉटवर बसली. बाबांच्या डाव्या हातात तिने आपला हात दिला. "बाबा, हो असेल तर हात दाबायचा. नाही असेल तर काही करायचं नाही. कळलं?" दाब आला. पण दाब नुसता असाच येऊ शकतो, म्हणून तिने आधी उत्तरं माहीत असलेले प्रश्न विचारायचं ठरवलं. "मी तुमचा मुलगा आहे?" काही नाही. "मी मुंगी?" दाब. "दादा डॉक्टर आहे?" काही नाही. "दादा पूल बांधतो?" दाब.

"माझंही विचार," वहिनी म्हणाली.

"वहिनी गाडी चांगली चालवते?"

हात तसाच राहिला. सगळे वाट बघत होते. बराच वेळ गेल्यावर अगदी हलका, दिला-न दिल्यासारखा दाब आला.

"बघा, कळतंय त्यांना," फादरकाका म्हणाले. "सुनेला दुखवायचं नाही हेसुद्धा कळतंय." वहिनीने त्यांच्या पाठीत एक रट्टा घातला. त्या खोलीत झटक्यानंतर पहिल्यांदाच कुणी मोठ्याने हसलं.

हसू ओसरल्यावर मुंगीने ओठ ओले केले. "बाबा, डॉक्टर पोटात नळी बसवायची म्हणतात. त्यातून अन्न देतील. तोंडाने आम्ही कपाने देत राहू, जेवढं जमेल तेवढं. नळी चालेल?"

हात स्थिर होता. बाबांचे डोळे तिच्यावरून दादाकडे गेले आणि तिथेच राहिले. काहीतरी अजून विचारायचं राहिलं होतं, आणि ते विचारणारं माणूस ती नव्हती.

दादा वाकला. पुलाखालून जाणारा माणूस वाकतो तसा, उगाचच जास्त. "बाबा," तो म्हणाला, "कायमचं नाही म्हणत मी. अंगी लागेनासं झालं, किंवा त्याचेच तुम्हाला हाल व्हायला लागले, तर सांगा. जसं जमेल तसं सांगा. मी स्वतः डॉक्टरांना सांगेन थांबवायला. आईच्या वेळी मी रुसलो, तसा रुसणार नाही. उशाशी बसेन." त्याने श्वास घेतला. "पण आत्ता नाही. आत्ता ते अन्न तुमच्या कामाचं आहे. आत्ता चालेल?"

मुंगीच्या बोटांची हाडं एकमेकांवर दाबली गेली. तिला दुखलं, इतका तो दाब होता.

"हो म्हणाले," ती म्हणाली.

"ऐकलं मी," दादा म्हणाला, जरी ऐकण्यासारखं काही नव्हतं.

फादरकाकांनी भावाच्या कपाळावर अंगठ्याने लहानसा क्रूस काढला आणि अंगठा थोडा वेळ तिथेच राहू दिला.

डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं होतं. घाईत होत्या; अजून बरेच पेशंट बघायचे होते. त्यांनी सवयीने खोलीतल्या सगळ्यात मोठ्या दिसणाऱ्या पुरुषाकडे बघितलं.

"मग? काय ठरवलंत तुम्ही लोकांनी?"

दादाने भिंतीलगतची खुर्ची उचलली, कॉटच्या डाव्या बाजूला आणून ठेवली आणि तिच्यावर नसलेली धूळ हाताने झटकली.

"इथे बसा," तो म्हणाला. "त्यांचा हात हातात घ्या आणि त्यांनाच विचारा. फक्त प्रश्न छोटा ठेवा."